त्रेसष्टावा झरा

हलबजाच्या बाजारात म्हणायचे, रऊफला अंतर विचारू नका. विचारलं की सांगायच्या आधी तो चालूनच बघायचा. त्याचं पाऊल पाऊण मीटरचं. चढावर, उतारावर, चिखलात, कुठेही पाऊण मीटर. वयाच्या विसाव्या वर्षी तो मोजणी कचेरीत जमीन मोजायची साखळी ओढणारा साखळीवाला म्हणून लागला, तेव्हा बगदादेत राजा होता. पुढे राजाचा फोटो उतरला, एका सेनापतीचा लागला, तोही उतरला, तिसऱ्याचा लागला. कचेरीच्या भिंतीवरचा खिळा मात्र तोच राहिला आणि खिळ्याखाली रऊफची साखळीही.

त्या तालुक्याचं रूप असं की पश्चिमेला शारझूरचं सपाट, काळं, गव्हाचं रान, आणि पूर्वेला हवरामानचा डोंगर एकदम उभा, भिंत बांधल्यासारखा. डोंगराच्या माथ्यावरून दोन देशांची हद्द जायची. नकाशात ती ठळक होती. वरच्या गावांना तिचं फारसं कौतुक नव्हतं. लेकी पलीकडे इराणात दिलेल्या, बकऱ्या कधी इकडे चरत, कधी तिकडे. रऊफ स्वतः त्याच उतारावरच्या हर्मेदोलचा. हद्दीचे दगड कुठून कुठे सरकलेत, कुणाच्या शेताचा बांध कोणत्या अक्रोडापाशी वळतो, हे त्याला तोंडपाठ. लग्न झालं तेव्हा बायकोला, हपसाला, तो पहिल्याच आठवड्यात म्हणाला होता की, तुझ्या माहेराहून इथवर नऊ हजार चारशे पावलं आहेत. हपसा म्हणाली, "मोजत आलात? मी तर रडत आले होते."

१९७६ च्या वसंतात कचेरीचा मुख्य, फायक अफंदी, यानं त्याला बोलावलं. फायक अफंदी शहरातला, मऊ बोलणारा, चहात साखर न घालता खडा दातात धरून पिणारा माणूस. त्यानं नकाशा पसरला आणि म्हणाला की, कागदावर डोंगर आहे, पण पाणी नाही. पाणी तुझ्या डोक्यात आहे, ते खाली उतरव. वरच्या गावांसाठी नळयोजना होणार आहे. एकूण एक झरा पाहिजे.

त्या साठ-सत्तर दिवसांसारखे सुखाचे दिवस आपल्या वाट्याला पुन्हा आले नाहीत, असं रऊफ पुढे म्हणायचा, आणि म्हणताना त्याचा चेहरा काळवंडायचा. गाढवावर सामान, काखेत वही, कानावर निळी पेन्सिल. गावागावात त्याला गरम भाकरी आणि ताक. म्हातारे हात धरून त्याला पाण्यापाशी नेत. नळ येणार म्हणून बायका खूश. झऱ्याला कुर्दीत कानी म्हणतात. विधवेची कानी, सापाची कानी, नवरीची कानी, लंगड्याची कानी. प्रत्येकीचं नाव तो लिही, गावापासूनची पावलं लिही, धार किती ते लिही, आणि नकाशावर एक छोटं निळं वर्तुळ काढी. वर्तुळ अगदी गोल, शाळामास्तरानं शाबासकी द्यावी असं.

तूतेरश गावात तो पोचला तेव्हा एकसष्ट झरे झाले होते. काळ्या तुतीच्या झाडांवरून गावाला ते नाव पडलेलं. घरं जेमतेम तीस. गावाची कानी खालच्या अंगाला, उघडी, सगळ्यांना माहीत. ती बासष्टावी म्हणून लिहून झाली आणि तो तुतीखाली बसला होता, तर खुंचे नावाची एक तरुण विधवा वरच्या कड्याकडून उतरताना त्याला दिसली. पाठीवरची मशक ओली, ठिबकत होती. पाणी खाली आणि ही वरून येते? त्यानं तिला तसं विचारलं. खुंचेची जीभ गावात नावाजलेली. ती म्हणाली, "काक रऊफ, डोळे आहेत तुझे की सरकारची दुर्बीण?" तिकडे थोरल्या भावाला काक म्हणतात. ती त्याला पहिल्या दिवसापासून काकच म्हणत होती.

मग काय मनात आलं कोण जाणे, ती त्याला घेऊन गेली. कड्यामागे एक फट होती, माणूस आडवा होऊनच आत शिरेल अशी. आत गार अंधार, आणि अंधारात पाणी. छतातून गळणारं आणि खाली दगडाच्या वाटीत साचून पुढे कुठेतरी जाणारं. खुंचे हळू आवाजात सांगत होती. आजोबांच्या काळी विमानं आली तेव्हा अख्खं गाव इथे नऊ दिवस राहिलं. एकसष्ट सालीही राहिलं. आम्ही हे लेकीसुनांनाच सांगतो. माझ्या भावाला, नादिरला, माहीत आहे, कारण तो लहानपणी माझ्यामागे लागून आला होता. मग ती म्हणाली,

"हा नको लिहूस. हा सरकारचा नाही."

रऊफनं मान डोलावली. मनापासून डोलावली. पण संध्याकाळी मशिदीच्या ओट्यावर वही उघडून बसला, तेव्हा बासष्टच्या खाली मोकळी ओळ दिसत राहिली. आयुष्यभर त्यानं एकही दगड, एकही बांध गाळला नव्हता. माहीत असून गाळायचं म्हणजे त्याला अंगावर उवा घेऊन झोपल्यासारखं वाटे. आणि नळ आला तर तिच्याच गावाचं भलं, असंही त्यानं मनाला सांगितलं. त्यानं पेन्सिलीला टोक काढलं आणि लिहिलं: त्रेसष्ट. तूतेरश. कड्यामागे, फटीत. गावापासून चारशे दहा पावलं. धार बारीक, अखंड.

नळ आला नाही. दोन वर्षं गेली आणि १९७८ च्या उन्हाळ्यात लष्कराचे ट्रक आले.

कचेरीच्या नोंदवहीत आधीच लाल पेन्सिल फिरली होती. हद्दीलगतचा पट्टा निषिद्ध, त्यातली गावं रद्द. ज्या शब्दानं चुकीचा दाखला रद्द करतात, त्याच शब्दानं. लोकांना अंथरूण, भांडी आणि जमेल तेवढं सामान घेऊन ट्रकमध्ये चढायला सांगितलं. खाली सपाटीवर सिमेंटच्या ठोकळ्यांची वसाहत बांधली होती, सरळ गल्ल्या, झाड नाही. गावं सुरुंगानं उडवली. आणि माणसं चोरून परत येतील, डोंगरातले बंडखोर वस्ती करतील, म्हणून पाणी बुजवायला सिमेंटची पोती निघाली.

हर्मेदोलही गेलं. हपसा दोन मुली घेऊन ट्रकमध्ये बसली तेव्हा रऊफ कचेरीत होता. तिथेच त्यानं पाहिलं, एका कप्तानाच्या हातात त्याचीच यादी. छापलेली नाही, त्याच्याच अक्षरातली. त्याचीच गोल, निळी वर्तुळं. फायक अफंदी खिडकीबाहेर बघत होता. त्याला आधीपासून माहीत होतं का, हे रऊफला कधीच कळलं नाही. महिन्याभरात त्याची दक्षिणेत बदली झाली, आणि पुढे कुणी त्याचं नाव काढलं नाही.

पाचव्या दिवशी कप्तान पुन्हा आला आणि म्हणाला, यादीतले सगळे सापडले, त्रेसष्ट सापडत नाही. हे कुणी लिहिलं?

त्या क्षणी रऊफला म्हणता आलं असतं की तो आटला. दरड कोसळली. मी चुकीचं लिहिलं. तीन उत्तरं जिभेवर होती, तिन्ही साधी. ती का आली नाहीत, यावर त्यानं पुढे आयुष्यभर विचार केला. भीती होतीच. मुली वसाहतीत होत्या. पण भीतीच्याही खाली एक गोष्ट होती, जी त्यानं फक्त हपसाला सांगितली. कप्तान म्हणाला, "चुकीचं लिहिलंय की काय?" आणि हा साखळीवाला, ज्याचं एक पाऊल कधी चुकलं नव्हतं, तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "माझं चुकत नाही, साहेब."

जीपमधून तो तूतेरशला गेला. गाव नव्हतं. दगड होते आणि तुतीच्या झाडांवर धूळ. त्यानं चारशे दहा पावलं चालून दाखवली. फट दाखवली. सैनिकांनी घमेली आत दिली. पहिला थर ओतला तर पाण्यानं तो वर उचलला, बुडबुडे आले, सिमेंट खदखदलं. त्यांनी दगड टाकले, पुन्हा ओतलं. पुन्हा उचललं. दुपार उतरेपर्यंत हे चाललं. शेवटी वरचा थर बसला, कडेला राखाडी, मध्ये काळपट ओला. रऊफ जवळ उभा होता. आतून आवाज येत होता, मंद, थांबून थांबून, कुणी दार ठोठावावं तसा. सैनिक निघाले तरी तो तिथेच उभा, म्हणून ड्रायव्हरनं भोंगा वाजवला.

त्यानं नोकरी सोडली. वसाहतीत त्याला ठोकळा मिळाला, आणि दोन गल्ल्या सोडून खुंचेला.

वसाहतीत पाणी टँकरनं येई. जमीन अशी कोरडी की हातभर खणलं तरी धूळच. आणि त्याच जमिनीखाली रऊफला पाणी ऐकू येऊ लागलं. रात्री नाही. रात्री तो मुडद्यासारखा झोपे. ऐकू येई ते भर दुपारी, गल्ल्या उन्हानं ओस पडल्या की. आधी एक थेंब, मग धार, मग ती थांबे आणि ठोठावल्यासारखं होई. तो फरशीला कान लावून पडे. सापाच्या कानीचा आवाज वेगळा, नवरीच्या कानीचा वेगळा. त्याला सगळे ओळखू येत. हपसा म्हणायची की ऊन लागलं. एके दिवशी त्यानं तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ पीठ मळत राहिली. मग एवढंच म्हणाली की, भाकरीला पाणी जास्त झालं, आज पातळ होतील.

खुंचे दर आठवड्याला वाटीभर दही घेऊन यायची. बसायची, गावाच्या गोष्टी काढायची. वसाहतीतल्या बायकांना ती सांगे की बाकी सगळं बुजवलं असेल, आमचं एक आहे, ते त्यांच्या बापालाही सापडायचं नाही. बायका म्हणत, कशावरून? ती म्हणे, काक रऊफला विचारा, सरकारच्या वहीतसुद्धा नाही ते. सगळ्या त्याच्याकडे बघत. तो मान हलवे. म्हाताऱ्या मरणाच्या दारात असताना खुंचे त्यांच्या कानाशी जाऊन तेच सांगायची, आणि त्या शांत होत. तीन जणी तरी त्या एका खोट्या पाण्यावर डोळे मिटून गेल्या, हे रऊफनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. वाटी रिकामी करून परत द्यायची म्हणून तिनं आणलेलं दही तो कोंबड्यांना घालायचा.

अठ्ठ्याऐंशीच्या मार्चचं तिकडे कुणी फार बोलत नाही. विमानांनी शहरावर विषारी वायू टाकला त्या दिवशी हपसा तिथे बहिणीकडे होती. बहीण गेली, बहिणीची मुलं गेली. हपसाला लोकांनी ओल्या घोंगडीत गुंडाळून डोंगर ओलांडवला. ती वाचली, पण छाती कायमची गेली. तीन वर्षं इराणात छावणीत काढली. एक्क्याण्णवात परतले तेव्हा वसाहतीला छपरं नव्हती, पण वरची वाट मोकळी होती. लष्कर मागे सरलं होतं. तेरा वर्षांनी लोक आपल्या गावांकडे निघाले.

आणि गाव कुठे ते कुणाला कळेना. दगडांचा ढीग, त्यावर काटेरी झुडपं, कुठे घर, कुठे मशीद, कुठे कबरी, काही पत्ता नाही. मग सगळे रऊफकडे आले. तो एका अक्रोडाच्या बुंध्यापासून निघायचा, ओठ हलवत चालायचा, थांबायचा, पायानं माती उकरायचा आणि म्हणायचा, हा तुझा उंबरा. खणलं की उंबरा निघे. एकदा एक बाप्या उंबऱ्यावर आडवा पडून लहान पोरासारखा रडला आणि मग उठून त्यानं रऊफच्या हाताचं चुंबन घेतलं. रऊफनं हात ओढून घेतला, भाजल्यासारखा. लोक म्हणाले, किती विनयाचा माणूस.

खुंचेला तिच्या गावी न्यायचं मात्र तो टाळत राहिला. वाटेवर लढाईतले सुरुंग आहेत म्हणे, अजून काढले नाहीत म्हणे. तेवढ्यात पलीकडून चहाची पोती आणणाऱ्या एका खेचरवाल्यानं तिला सांगितलं की तूतेरशच्या कड्यामागे फट नाही, सिमेंटचा थापा आहे. तिसऱ्या दिवशी खुंचेनं ठरवून टाकलं. त्या पाण्याची माहिती असलेला एकच पुरुष होता, तिचा धाकटा भाऊ नादिर. आणि नादिर ऐंशीच्या सुमारास सरकारी बंदूक खांद्यावर घेऊन सरकारच्या पलटणीत गेला होता, पोटासाठी. तिनं त्याला विचारलंही नाही, भर गल्लीत त्याच्यासमोर थुंकली आणि दार लावलं. नादिर तिच्या दारात सात वेळा येऊन गेला. रऊफनं मोजलं. आठव्यांदा तो आला नाही, कारण ब्याण्णवच्या थंडीत तो निमोनियानं गेला. मयत दोन गल्ल्यांवरून गेलं. खुंचे उठली नाही. रऊफ मात्र खांदा द्यायला गेला, आणि चाळीस पावलांवर त्यानं खांदा दुसऱ्याला दिला.

पुढच्या उन्हाळ्यात हपसा गेली. शेवटच्या आठवड्यात तिला वाक्य पुरं करवत नव्हतं. तिनं त्याला जवळ बोलावलं. त्याला वाटलं, मुलींचं काही सांगेल.

"तिला वर न्या," हपसा म्हणाली. "मी गेल्यावर... तुमचं ऐकून घ्यायला... कोण आहे?"

तो खुंचेला घेऊन गेला ते त्याच शरदात. खेचरवाल्यांची पायवाट निर्धोक होती, त्या वाटेनं चालले. खुंचेची नजर अधू झाली होती, ती त्याच्या कमरपट्ट्याला मागून धरून चालत होती. तुती फोफावल्या होत्या, पण झाडांखाली माणूस नाही. कड्यामागे आल्यावर तिनं पट्टा सोडला आणि हातानं चाचपत सिमेंटपर्यंत गेली. तळवा टेकवला. बराच वेळ तसाच ठेवला, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा.

"नादिर, तुझं वाटोळं होवो," ती म्हणाली. "मेल्यावरही होवो."

"नादिरनं नाही सांगितलं," रऊफ म्हणाला.

ती वळली नाही.

"मी लिहिलं होतं. त्याच संध्याकाळी. आणि ते आले तेव्हा मीच आणून दाखवलं. इथे उभा होतो मी, तू आहेस तिथे."

वारा होता, तो पडला. रऊफला वाटलं आता आतला आवाज येईल, पण आला नाही. पहिल्यांदाच तिथे काही नव्हतं. खुंचे हळूहळू खाली बसली, पाठ सिमेंटला लावून.

"मारलं का तुला त्यांनी?"

"नाही."

"मुलींना धरलं होतं?"

"नाही. विचारलं फक्त."

"फक्त विचारलं," ती म्हणाली. आणि पुढे म्हणाली, "सात वेळा आला होता नादिर. शेवटच्या वेळी दाराला कपाळ लावून उभा होता. मी आतून बघत होते फटीतून. तू समोरच्या ओट्यावर बसला होतास, काक रऊफ. तूही बघत होतास."

त्यानं एवढंच म्हटलं की, तू म्हणशील ते मी करीन. शिक्षा सांग.

"मी कोण शिक्षा सांगणार? मी काय काझी आहे?" ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "किती होते वहीत?"

"एक्काहत्तर."

"मग एक्काहत्तर ठिकाणी जा. लोक परत आलेत, पाणी शोधतायत, म्हणतायत कुणी दावा साधला असेल, म्हणतायत शेजारच्या गावानं सांगितलं असेल. किती नादिर झाले असतील, मोजलेस कधी? प्रत्येक गावात उभा राहा आणि सांग, मी लिहिलं. मग पहार हातात घे. आधी नाही. आधी सांग."

आणि उतरताना तिनं त्याचा पट्टा धरला नाही. ठेचकाळत, दगडांना धरत एकटी उतरली. तो मागे दहा पावलांवर. अंतर कमी होऊ दिलं नाही तिनं.

पहिल्यांदा तो नादिरच्या घरी गेला. विधवा आणि तीन मुलगे. तो उंबऱ्याबाहेर उभा राहून सगळं बोलला. थोरला मुलगा उठला, रऊफला वाटलं मारणार. मुलगा आत गेला आणि दार लावून घेतलं. तेवढंच. त्या घरानं पुढे कधी त्याच्या सलामाला उत्तर दिलं नाही.

मग तूतेरशचं सिमेंट. तोवर खुंचे आणि गावातले सातआठ पुरुष वर राहायला आले होते, त्या पुरुषांपुढे त्यानं सांगितलं. ते ऐकून एक जण उठून निघून गेला, बाकीचे बसून राहिले. पहार, घण, छिन्नी घेऊन तो वर गेला. कुणी मदतीला आलं नाही. साठीला टेकलेला माणूस, अकरा दिवस एकटा फोडत होता. खुंचे रोज वर येऊन लांबच्या दगडावर बसायची. बोलायची नाही, पाणी द्यायची नाही. अकराव्या दिवशी पहार आरपार गेली. त्यानं हात आत घातला. आत कोरडं होतं. दगडाची वाटी तशीच होती, तीत धूळ. पाणी पंधरा वर्षं वाट पाहून दुसरीकडे निघून गेलं होतं. तो तिथेच बसला. खुंचे दगडावरून उठली आणि काही न विचारता घरी गेली. त्याचा हात कोपरापर्यंत कोरडा तिच्या एवढ्या अधू नजरेलाही दिसला असावा.

त्याला वाटलं होतं, सांगून टाकलं की दुपारचा आवाज थांबेल. थांबला नाही. उलट आता तो वाट चालतानाही येई, टाचेखालून. जिथे जिथे त्यानं निळं वर्तुळ काढलं होतं, तिथून कुणीतरी खालून त्याचीच पावलं मोजतं आहे, असं वाटे. तो थांबला की ते थांबे.

पुढची अकरा वर्षं त्यानं हेच केलं. एका गावात त्याला दगडांनी हाकललं. एका गावात त्याचं पुरतं ऐकूनही घेतलं नाही, म्हणाले, बोलणं पुरे, घण घे. एका पाड्यावर एक म्हातारा म्हणाला, या पाण्याला तू पुन्हा हात लावायचा नाही, आम्ही तहानेनं मरू पण तू नाही. तिथे तो फक्त सांगून परतला. सापाच्या कानीवर लोकांनी त्याच्याबरोबर फोडलं आणि पाणी असं उसळलं की पहार हातातून गेली. बायका ओरडत धावल्या, पोरं भिजली. त्याला कुणीतरी भाकरी दिली. तो ती हातात घेऊन बाजूला उभा राहिला, खाऊ की नको अशा चेहऱ्यानं. दोन गावांमध्ये वर्षानुवर्षं चाललेलं वैर त्याच्या सांगण्यानं मिटलं, कारण दोघांनी एकमेकांवर तोच संशय धरला होता. एका गावात मात्र त्याच संशयापायी आधीच एकाचा जीव गेला होता. तिथे त्या माणसाच्या आईनं त्याला दोनदा सांगायला लावलं, शब्द न् शब्द, आणि दुसऱ्यांदा ऐकून म्हणाली, बरं, जा.

एक्काहत्तरपैकी चव्वेचाळीस वाहते झाले. बाकीचे आटले, सरकले, किंवा सुरुंगांच्या रानात राहिले. २००३ च्या पावसाळी वसंतात तूतेरशच्या खाली, तुतींच्या मुळाशी, गुराख्याला बकऱ्या ओल्या मातीत खूर खुपसून उभ्या दिसल्या. उकरलं तर बारीक, अखंड धार. गाव म्हणालं, तेच पाणी. रऊफला बोलावलं. त्यानं पावलं मोजली, कड्याकडे बघितलं, आणि म्हणाला, मला सांगता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो असं म्हणाला. खुंचेनं ओंजळभर पिऊन पाहिलं. "ते गोड होतं," ती म्हणाली. "याला मातीची चव आहे." पण घागर तिनं तिथूनच भरली.

२०१४ मध्ये हलबजा तालुक्याचा प्रांत झाला. शहरात ढोल वाजले, नव्या पाट्या लागल्या, कचेऱ्यांना नवे शिक्के आले. थोड्याच दिवसांत शिलेर नावाची एक तरुण बाई, जलविभागाची कर्मचारी, रऊफच्या धाकट्या मुलीच्या घरी त्याला भेटायला आली. तो तेव्हा अठ्ठ्याहत्तरचा. तिनं गावांची यादी आणली होती. त्यानं ती सबंध तपासली, तीन नावं दुरुस्त केली. मग ती म्हणाली, माम रऊफ, आता झरे पण सांगा, नळयोजना करायची आहे. तिकडे वडीलधाऱ्याला माम म्हणतात, आपण काका म्हणतो तसं.

मुलगी सांगते की वडिलांनी तोंडातला चहाचा घोट गिळला नाही, तसाच धरून ठेवला. मग म्हणाले, "पोरी, तू चांगली आहेस. फायक अफंदीही चांगला होता. मी काही सांगणार नाही. गावोगाव जा, त्यांना विचार. देतील ते देतील."

शिलेरला राग आला, पण ती गेली. गावोगाव फिरली. तूतेरशला खुंचे भेटली, पूर्ण आंधळी, पण जीभ तीच. शिलेरनं तिला सगळं समजावून सांगितलं. खुंचेनं तिचा चेहरा हातांनी चाचपला, मग तिला तुतीखालच्या धारेपाशी घेऊन गेली.

"लिही," ती म्हणाली. "पण खाली माझं नाव लिही. हे खुंचेनं सांगितलं. उद्या काही झालं, तर लोकांनी कुणाकडे यायचं, ते कळू दे."

शिलेरच्या अर्जात नावाला रकाना नव्हता. तिनं पेननं कडेला रेघ मारून लिहिलं.

रऊफ त्याच्या दुसऱ्या वर्षी वारला, दुपारी, फरशीवर कुशीवर पडलेला. त्याला हर्मेदोलला पुरलं. मयताला चौदा गावांतून माणसं आली, आणि ज्या गावांतून आली नाहीत तीही लोकांनी मोजली. नादिरच्या घरचं कुणी आलं नाही. खुंचेला आणायला गाडी पाठवली होती. ती गाडीत बसली, अर्ध्या वाटेवर येऊन थांबवायला सांगितलं आणि म्हणाली, मला परत न्या. ड्रायव्हरनं विचारलं, आत्याबाई, तब्येत बरी नाही का? ती म्हणाली, तब्येतीला काय झालंय. मग खिडकीची काच खाली करून, आंधळे डोळे डोंगराकडे लावून ती बराच वेळ कान देऊन बसली. ड्रायव्हरनंही इंजिन बंद केलं. त्याला काही ऐकू आलं नाही. तिला आलं की नाही, हे तिनं सांगितलं नाही.